फ्लॉरेन्सच्या बाजारात चौघांचं दुपारचं जेवण: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आम्ही पहिल्या दिवशी तीन वाजता पोचलो आणि सगळं चुकलं. फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो भागातल्या मेर्कातो चेन्त्रालेत, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती मंडईत जेवायचं, हे पुण्यातून निघतानाच ठरवलं होतं. प्रत्यक्षात खालच्या मजल्यावरचे गाळे बंद झालेले, एक माणूस पाइपाने फरशी धूत होता आणि आम्ही चौघं ओल्या फरशीवर एकमेकांकडे बघत उभे. लेक भुकेने रडकुंडीला आलेली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "अगं, काहीही चालेल मला, फक्त त्यात काय घातलंय ते विचार." नेमकं तेच मला विचारता येत नव्हतं. शेवटी बाहेरच्या रस्त्यावर एका ठिकाणी गारढोण पिझ्झाचे चार तुकडे घेतले आणि बिल बघून नवरा दिवसभर गप्प होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, नीट गेलो, आणि प्रवासातलं सगळ्यात चांगलं जेवण तिथे झालं. नंतरच्या सहलीत आणखी दोनदा जाऊन आलो. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते. ‘काय खावं’ हे इंटरनेटवर ढीगभर सापडतं. चौघांत कसं वाटून खावं, कुठे उभं राहावं आणि शाकाहारी माणसाची फसगत कुठे होते, हे मात्र कुणी सांगत नाही.

निघताना पिशवीत काय हवं

- कापडी पिशवी. प्लास्टिकची पिशवी मागितली तर पैसे पडतात.
- एक रिकामा डबा. उरलेलं चीज, ऑलिव्ह, अर्धा पाव सगळं त्यात जातं.
- दोन चमचे, कागदी रुमाल, ओले टिश्यू.
- पाण्याची बाटली. शहरात पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. ‘आक्वा पोताबिले’ लिहिलं असेल तर बिनधास्त भरा, ‘नॉन पोताबिले’ असेल तर नको.
- पाच-दहा युरोच्या सुट्या नोटा आणि एक कार्ड.
- खाली दिलेली इटालियन वाक्यं मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद. बाजाराच्या जाड भिंतींत नेट कधीकधी दगा देतं, आणि गाळेवाल्याला फोन दाखवण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा वाटतो.

चाकू घेऊ नका. विमानात हातातल्या सामानात चालत नाही, आणि बाजारात गरजही पडत नाही. मागितलं की कापून देतात.

भारतातून खाऊ नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. पेढे, खव्याची बर्फी, तुपाचा डबा घरीच राहू द्या. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा आम्ही नेला होता. त्यातल्या चटणीचं पुढे काय झालं ते येईलच.

१. वार आणि वेळ आधी बघा

ही इमारत दोन मजली आहे आणि दोन्ही मजल्यांचं घड्याळ वेगळं आहे. इथेच बहुतेक जण फसतात.

खालचा मजला ही खरी मंडई. भाजी, फळं, मासे, खाटीक, चीज, सुकवलेले टोमॅटो, पाव. ती सकाळी लवकर उघडते आणि दुपारी दोनच्या सुमाराला आवरायला लागते. रविवारी बंद. वरचा मजला २०१४ मध्ये नव्याने सुरू झाला. तिथे निरनिराळ्या पदार्थांचे स्टॉल आणि मधोमध सगळ्यांची मिळून टेबलं. तो रोज आणि रात्री उशिरापर्यंत चालू असतो.

म्हणून साडेअकराला पोचा. आधी तासभर खाली फिरा आणि खरेदी करा, मग साडेबाराच्या आत वर जाऊन टेबल धरा. एक वाजला की वर पाय ठेवायला जागा नसते. आजूबाजूच्या साध्या खानावळीही अडीचच्या सुमाराला स्वयंपाकघर बंद करतात आणि संध्याकाळी सातनंतरच उघडतात. तीन वाजता भूक लागली तर काय होतं ते सुरुवातीला सांगितलंच. (वरचा मजला चालू असतो हे तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं!)

स्टेशनावरून, म्हणजे सांता मारिया नोवेल्लाहून, चालत दहा मिनिटं लागतात. वाटेत चामड्याच्या पट्ट्यांचे आणि पाकिटांचे स्टॉल लागतात. त्या गर्दीत पर्स पुढे धरा. दादरला जशी धरता तशीच.

आत गेल्यावर एकदा मान वर करा. हे ओतीव लोखंड आणि काचेचं छत ज्युसेप्पे मेंगोनी या वास्तुविशारदाचं. मिलानची ती प्रसिद्ध, काचेच्या छताखालच्या दुकानांची गॅलरीही त्याचीच. १८६५ ते १८७१ या काळात फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं. तेव्हा शहराची मोठी फेरआखणी सुरू झाली, जुना बाजार हलवायचा ठरला आणि ही मंडई उभी राहिली. ती १८७४ मध्ये उघडली. (मेंगोनी पुढे १८७७ मध्ये मिलानच्या गॅलरीच्या कामावरच उंचावरून पडून गेला. हे वाचल्यापासून मला ते छत बघताना जरा वेगळंच वाटतं.) क्रॉफर्ड मार्केट किंवा पुण्याची महात्मा फुले मंडई पाहिलेल्या माणसाला इथे अजिबात परकं वाटत नाही. साधारण त्याच काळातल्या इमारती आहेत. वासही तसाच, फक्त कोथिंबिरीच्या जागी तुळशीच्या चुलतबहिणीचा, बेसिलचा.

२. पहिली फेरी हात मागे बांधून

आपल्याकडे भेंडी मोडून बघितल्याशिवाय घेत नाहीत. इथे भाजी-फळांना हात लावायचा नाही. माल गाळेवालाच निवडून देतो. मी पहिल्याच गाळ्यावर पीच दाबून बघितलं, तेव्हा बाईंनी हातातून काढून घेतलं आणि हसून दुसरं दिलं. ते जास्त पिकलेलं होतं. ‘आज खायचं’ एवढं कळलं तर त्या बरोबर तसंच देतात. ‘पेर ओज्जी’ म्हणजे आजसाठी, ‘पेर दोमानी’ म्हणजे उद्यासाठी.

रांग दिसत नसली तरी ती असते. ‘की ए लूल्तिमो?’ म्हणजे शेवटी कोण आहे, असं विचारायचं. कुणीतरी हात वर करतो, आता त्याच्यानंतर तुम्ही. काही गाळ्यांवर नंबराची चिठ्ठी काढायचं लाल यंत्र असतं. ते न बघता दहा मिनिटं उभं राहणारे आम्ही एकटेच नसू.

या फेरीत काही घेऊ नका, फक्त बघा. मोसम काय आहे ते इथेच कळतं. उन्हाळ्यात अंजीर, पीच आणि मोठे पाकळीदार टोमॅटो. त्यातल्या एका जातीचं नाव ‘कुओरे दि बुए’, म्हणजे बैलाचं काळीज. आईंना अर्थ सांगितल्यावर त्यांनी टोमॅटो खाली ठेवला. त्यात बैलाचं काहीही नाही, फक्त आकार. वसंतात ओल्या शेंगा मिळतात. तिथली माणसं त्यांना ‘बाच्चेल्ली’ म्हणतात, सोलून कच्च्याच खातात, बरोबर मेंढीच्या दुधाचं चीज. ते खाताना मला गावाकडचे सोलाणे आठवले.

३. माणसं वाटून घ्या

चौघं चौघं मिळून प्रत्येक गाळ्यावर गेलात तर दोन तास जातात आणि भांडण होतं. आमची वाटणी अशी:

आई टेबलापाशी. त्यांच्याजवळ पिशव्या, जॅकेटं आणि पाण्याची बाटली. जागा धरण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकलेली पिढी ती.

नवरा पिझ्झाच्या रांगेत, कारण ती सगळ्यात लांब.

मी पास्ता किंवा सूप आणि खालून आणलेल्या वस्तूंचा हिशेब.

लेक वाटेवरची माहितगार: कुठे काय चाललंय, काय संपत आलंय.

दोघंच असाल तर एकाने बसायचं, एकाने आणायचं, मग अदलाबदल. एकटे असाल तर रिकाम्या खुर्चीवर जॅकेट टाकून जाऊ नका. जॅकेट राहतं, त्याच्या खिशातला फोन राहत नाही.

४. ‘यात काय आहे’ हे कसं विचारायचं

हा भाग सावकाश वाचा, विशेषतः घरात शाकाहारी माणूस असेल तर.

‘सोनो वेजेतारियाना’ असं बाईने म्हणायचं, पुरुषाने ‘सोनो वेजेतारियानो’. पण एवढ्याने भागत नाही. बऱ्याच जणांच्या हिशेबात मासा आणि मांसाचा रस्सा त्यातच बसतो. म्हणून कागदावर हे लिहा:

- सेन्त्सा कार्ने: मांस नको
- सेन्त्सा पेशे: मासे नकोत
- सेन्त्सा ब्रोदो दि कार्ने: मांसाचं पाणी नको
- सेन्त्सा स्त्रुत्तो: डुकराची चरबी नको
- सेन्त्सा उओवा: अंडं नको
- सेन्त्सा आल्यो ए चिपोल्ला: लसूण-कांदा नको

शेवटचं वाक्य सॉसच्या बाबतीत फारसं चालत नाही, कारण सॉस आधीच शिजवलेला असतो. लसूण-कांदा न खाणाऱ्यांसाठी साधा उपाय म्हणजे लोणी आणि चीज घातलेला पास्ता, ताजा मोत्झारेल्ला-टोमॅटो आणि फळं.

आता फसवे शब्द. मेन्यूवर ‘पेपेरोनी’ दिसलं की आपल्याला अमेरिकन पिझ्झावरचं सॉसेज आठवतं. इटलीत ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरची. आईंनी दोन दिवस ती टाळली आणि तिसऱ्या दिवशी कळल्यावर चिडल्या. उलट ‘मारिनारा’ म्हटल्यावर समुद्र आठवतो, पण मारिनारा पिझ्झावर फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असतं, चीजसुद्धा नसतं. ‘फाजोली आल्लुच्चेल्लेत्तो’ या नावात पक्षी आहे, ताटात मात्र पांढऱ्या घेवड्याची टोमॅटो घातलेली उसळ येते. कधी त्यात सॉसेज टाकतात, तेवढं विचारा.

उलट दिशेने फसवणारे जास्त धोक्याचे. ‘आमात्रिचाना’ आणि ‘कार्बोनारा’ या दोन्हींत डुकराचं मांस असतं, बारीक तुकडे असल्यामुळे लक्षात येत नाही. ‘रागू’ म्हणजे खिम्याचा सॉस. ‘अच्चूगे’ किंवा ‘आलीची’ हे खारवलेले छोटे मासे हिरव्या सॉसमध्येही वाटून घातलेले असतात. साध्या दिसणाऱ्या रोट्यांत, विशेषतः ‘पियादिना’त, पारंपरिक पद्धतीने चरबी मळतात. तेलात मळलेलीही मिळते, पण विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि चीज. पार्मिजानो रेज्जानो नियमाप्रमाणेच वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात, म्हणजे ते पूर्ण शाकाहारी नाही. पेकोरिनो रोमानो या मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये कोकराचं विरजण असतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कळल्यावर घरात सांगावं की नाही हाही प्रश्न पडला. सांगितलं. आई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "आत्तापर्यंतचं देव बघेल, इथून पुढचं आपण बघू." ज्यांना हे पाळायचंय त्यांनी चीजवाल्याला ‘काल्यो वेजेताले’ एवढे दोनच शब्द म्हणायचे, म्हणजे वनस्पतीजन्य विरजण. तोस्कानात, म्हणजे फ्लॉरेन्स ज्यात येतं त्या टस्कनी प्रांतात, काही पेकोरिनो रानटी आर्टिचोकच्या फुलाच्या अर्काने लावतात. चव किंचित कडवट आणि सुंदर.

युरोपीय नियमानुसार १४ अ‍ॅलर्जीकारक पदार्थांची माहिती देणं प्रत्येक खाद्यविक्रेत्याला बंधनकारक आहे. शेंगदाणे, दूध, गहू, अंडं, मासे यांची अ‍ॅलर्जी असेल तर ‘लिस्ता देल्यी आल्लेर्जेनी’ मागा. पण त्या यादीत मांस येत नाही, त्यामुळे शाकाहारी माणसाने तिच्यावर विसंबू नये.

मांसाहारी मंडळींसाठीही एक सूचना. खालच्या मजल्यावर नेर्बोने नावाचा जुना स्टॉल आहे आणि त्याच्यापुढे कायम रांग. रांग दिसली की आपण आधी उभे राहतो, कशाची ते मग विचारतो. ही रांग ‘लाम्प्रेदोत्तो’ची: गाईचं चौथं जठर शिजवून, चिरून पावात घालतात आणि पावाचा वरचा भाग रश्शात बुडवून देतात. फ्लॉरेन्सच्या कामगारांचं हे जुनं खाणं आणि खाणारे डोळे मिटून खातात. गोमांस चालत नसेल तर रांग सोडा. ‘मान्झो’ आणि ‘वितेल्लो’ म्हणजे गोवंशाचं, ‘मायाले’ डुकराचं, ‘पोल्लो’ कोंबडीचं.

५. ‘एत्तो’ शिका

‘एत्तो’ म्हणजे शंभर ग्रॅम. बहुतेक चीज, ऑलिव्ह, सुकवलेले टोमॅटो यांच्या पाटीवर दर किलोचा किंवा एत्तोचा असतो. पाटी नीट वाचा: ‘३.५० आल्लेत्तो’ म्हणजे किलोला पस्तीस युरो. आम्ही ‘साडेतीन युरोचं चीज’ म्हणून खूश झालो होतो. तराजूवर मोठा तुकडा चढला आणि आकडा पळायला लागला तेव्हा जाग आली.

चौघांना पुरेसं माप असं: एक एत्तो चीज, एक एत्तो ऑलिव्ह, अर्धा एत्तो सुकवलेले टोमॅटो (‘मेझ्झो एत्तो’). तुकडा मोठा वाटला तर ‘उन पो मेनो’, थोडं कमी. पुरे झालं तर ‘बास्ता कोझी’. बास्ता म्हणजे बास, इतकं सोपं.

चव बघायला मागण्यात काही गैर नाही: ‘पोस्सो अस्साज्जारे?’ मी ज्या गाळ्यावर चीज घेते, तिथला म्हातारा सुरी पुसतो, चाकाएवढ्या पेकोरिनोतून कागदाइतकी पातळ चकती काढतो आणि सुरीच्या पातीवरूनच पुढे करतो. बोटाने उचलून घ्यायची. आधी ताजं, ‘फ्रेस्को’, मऊ आणि दुधाळ. मग मुरलेलं, ‘स्ताज्योनातो’, दाणेदार, खारट. तिसरी चकती द्यायच्या आत तो थांबून तोंडाकडे बघतो. मान हलवली की त्याला कळतं, मग तो न विचारता त्याच तुकड्यावर सुरी ठेवतो आणि भुवई उंचावतो: इथे कापू? तुम्ही बोट आणखी आत सरकवायचं. सगळा व्यवहार एका शब्दाशिवाय.

चवी पाच-सहा घेऊन काही न घेता निघू नका, एवढं पाळा. पुढच्या गावाला न्यायचं असेल तर ‘सोत्तोवुओतो’ म्हणा, हवा काढून पाकीट बंद करून देतात.

पाव घेताना तोस्कानाचा पाव अळणी असतो हे लक्षात ठेवा. पहिला घास घेतला की मीठ विसरले असं वाटतं. विसरलेले नाहीत. इथलं चीज आणि ऑलिव्ह खारट असतात, त्यांच्याबरोबर अळणी पावच बरा लागतो, आपल्या ठेच्याबरोबर भाकरी लागते तसा. मीठ आणि तेल घातलेलं हवं असेल तर ‘स्क्याच्चाता’ घ्या, बोटांनी दाबून खळगे केलेली चपटी रोटी. मी दोन्ही घेते.

६. वर काय मागवायचं आणि कसं

वर प्रत्येक स्टॉलवर वेगळी ऑर्डर, वेगळे पैसे. कुठे आधी पैसे भरून पावती घ्यायची, मग ती दाखवून पदार्थ घ्यायचा. पावतीला ‘स्कोन्त्रीनो’ म्हणतात. हातातला पदार्थ मिळेपर्यंत ती फेकू नका. पेयांसाठी आमच्या टेबलापाशी माणूस आला होता, पाणीसुद्धा त्याच्याकडूनच मागवलं. ‘नातुराले’ म्हणजे साधं, ‘फ्रिद्झान्ते’ म्हणजे बुडबुड्यांचं. न सांगता बाटली उघडली तर आईंचा चेहरा बघण्यासारखा होतो.

चौघांसाठी माझी ऑर्डर: एक मार्गेरिता पिझ्झा, एक पास्ता, दोन वाट्या तोस्कानी सूप आणि खालून आणलेला पाव-चीज-फळांचा पसारा नंतर बागेत. पाचवा पदार्थ घ्यायचा मोह होतो. घेऊ नका, आधी हे संपवा, मग उठून आणा. बाजाराचा फायदाच हा की मागवणं एका दमात उरकावं लागत नाही.

सूप नक्की घ्या. ‘पाप्पा अल पोमोदोरो’ म्हणजे शिळा पाव टोमॅटो, लसूण, बेसिलमध्ये इतका शिजवतात की त्याचा मऊ गोळा होतो, वर कच्चं ऑलिव्हचं तेल. ‘रिबोल्लीता’ म्हणजे पुन्हा उकळलेलं: काळसर पानांचा कोबी, पांढरा घेवडा आणि तोच शिळा पाव, आदल्या दिवशीचं आज पुन्हा गरम केलेलं. उन्हाळ्यात ‘पान्त्सानेल्ला’, भिजवून पिळलेल्या शिळ्या पावाची कोशिंबीर. आईंनी पहिला चमचा घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर फोडणीची पोळीच की!" त्यानंतर इटालियन जेवणाबद्दलचा त्यांचा सगळा संशय गेला. शिळं वाया घालवत नाहीत ती माणसं आपली, असा त्यांचा हिशेब. (सूपमध्ये मांसाचं पाणी घातलंय का, ते मात्र चौथ्या मुद्द्याप्रमाणे विचाराच.)

जेवणानंतर कापुचिनो मागितला तरी देतात, फक्त तो त्यांच्याकडे सकाळचा. दुपारी छोटा कप कडक कॉफी, ती ‘काफ्फे’. ‘लात्ते’ मागितलं तर नुसतं दूध येतं.

७. टेबल परक्याबरोबर, ताट आपसात

इथे टेबलं सगळ्यांची असतात. मोकळी खुर्ची दिसली तर ‘ए लीबेरो?’ विचारायचं आणि बसायचं. बसल्यावर शेजाऱ्यांना ‘बुओन आप्पेतीतो’. तुम्हाला कुणी म्हटलं तर ‘ग्रात्सिये, आल्त्रेत्तान्तो’, तुम्हालाही तसंच.

इटालियन माणूस साधारण आपापली प्लेट मागवतो आणि आपापली संपवतो. आपण मधोमध ठेवून चौघं तुटून पडतो. बाजारात ते चालतं, कुणी वळून बघत नाही. फक्त रिकामी ताटली मागा: ‘ऊन प्यात्तो इन प्यू, पेर फावोरे’. पास्ता आधीच निम्मा निम्मा हवा असेल तर ऑर्डर देतानाच ‘दा दिवीदेरे’ म्हणजे वाटून घ्यायचाय, असं सांगा. काही ठिकाणी दोन ताटल्यांत घालून देतात. पिझ्झा कापून हवा असेल तर ‘ताल्याता’. नाहीतर अख्खी गोल थाळी आणि एक सुरी समोर येते.

बाहेरच्या बसायच्या खानावळीत हेच केलं तर माणशी ‘कोपेर्तो’ लागतो, म्हणजे टेबलावर बसायचे पैसे, एक ते तीन युरोच्या आसपास. एकच पास्ता चौघांत घेतला तरी कोपेर्तो चौघांचा. ती फसवणूक नाही, मेन्यूच्या तळाशी लिहिलेलं असतं. वाटून खाणाऱ्यांना म्हणून बाजार स्वस्त पडतो.

त्या दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर एक वयस्कर जोडपं होतं, भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून बसलेलं. आजोबांनी आमचा पसारा बघितला, आमच्या स्क्याच्चाताकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या बाटलीतलं तेल तिच्यावर ओतलं. न विचारता! आईंनी पिशवीत हात घातला आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढला. मी मनात म्हटलं, आता यांच्या अ‍ॅलर्जीचं काय. म्हणून आधी ‘आराकिदी’, शेंगदाणे, असं तीनदा सांगितलं. त्यांनी हात हलवून उडवून लावलं, तेलावर चटणी भुरभुरली आणि खाल्ली. आजींचे डोळे पाणावले, तिखटाने. मग त्यांनी आणखी मागितली. तेलात कालवलेली चटणी आणि ती रोटी, खरं सांगते, घरीही मी आता तशीच खाते, ऑलिव्हच्या तेलात.

आधी विचारा, मग द्या. एवढंच त्यातून घेण्यासारखं.

८. उरलेलं कुठे बसून खायचं, कुठे नाही

खालून घेतलेलं चीज-पाव वरच्या टेबलावर पसरू नका. ती टेबलं वरच्या स्टॉलच्या गिऱ्हाइकांसाठी आहेत. आम्ही ते चालत पाच-सात मिनिटांवरच्या पियात्सा देल्लिन्दिपेन्देन्झात नेतो. झाडं आहेत, बाकं आहेत.

चर्चच्या पायऱ्या, दुकानांचे उंबरठे आणि जुन्या गावातले अरुंद फुटपाथ यांवर बसून खाऊ नका. २०१८ मध्ये महापालिकेने उफ्फीत्सी कलादालनाजवळच्या व्हिया दे नेरीसारख्या काही रस्त्यांवर जेवणाच्या वेळेत फुटपाथवर खायला बंदी घातली आणि १५० ते ५०० युरो दंड ठेवला होता. नियम बदलत राहतात, पण पोलीस उठवतात तेव्हा हातात अर्धा पाव असणं बरं दिसत नाही.

गर्दी नको असेल तर सांताम्ब्रोज्योची मंडई बघा. तीही मेंगोनीचीच, १८७३ची, लहान आणि जास्त घरगुती. मुख्यतः सकाळी चालते, रविवारी बंद. तिथून पियात्सा दाझेल्योची बाग जवळ आहे.

९. पैसे देताना

२०२२च्या जूनअखेरपासून इटलीत कार्ड नाकारणाऱ्या व्यापाऱ्याला दंड आहे, त्यामुळे कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. तरी दोन युरोच्या अंजिरांसाठी सुटे दिले की गाळेवाल्याच्या चेहऱ्यावर फरक पडतो.

मशीनवर ‘युरो की रुपये’ असा प्रश्न आला तर युरो निवडा. रुपये निवडले तर दर ते ठरवतात, आणि तो दर वाईट असतो. नवऱ्याने दोन दिवस घाईत रुपये दाबले होते. बँकेचा मेसेज बघितल्यावर त्याने स्वतःहून भाजीच्या पिशव्या उचलायला घेतल्या.

टीप द्यायची सक्ती नाही. स्टॉलवर तर कुणी अपेक्षाही करत नाही.

उरलेला पाव डब्यात घाला. दुसऱ्या दिवशी व्हेनिसच्या गाडीत तो थोडा कडक होतो. त्यावर आदल्या दिवशीचा टोमॅटो चोळायचा, तेल टाकायचं. चटणी संपली असेल तर मीठ लागेल, ते हॉटेलच्या नाश्त्यातून दोन पुड्या आधीच खिशात टाका.